जिल्हा परिषद शिक्षकांची वैद्यकीय प्रतिपूर्ती: वापरलेल्या सेवेचे परीक्षण

हे परीक्षण एका सरकारी सेवेचे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारा शिक्षक किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय आजारी पडले, तर उपचारांवर झालेला खर्च शासन परत करते. हीच वैद्यकीय खर्च प्रतिपूर्ती. विदर्भाच्या ग्रामीण भागात नोकरी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक शिक्षकाचा कधी ना कधी तिच्याशी संबंध येतो, आणि तरीही तिच्याविषयीची माहिती पंचायत समितीच्या व्हरांड्यात किंवा केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत तोंडी मिळते तेवढीच. मी ही सेवा वडिलांच्या आजारपणात वापरली, पुढे काही सहकाऱ्यांना प्रस्ताव तयार करण्यात मदत केली, आणि त्यातून बनलेले मत येथे मांडतो आहे. सेवेमागचा हक्क मोलाचा आहे, परंतु ती देण्याची पद्धत उलटी आहे, आणि ही पद्धत एकामागून एक परिपत्रके काढून सुधारणार नाही. त्यासाठी कायदाच करावा लागेल.

या सेवेचा पाया म्हणजे महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, 1961. कर्मचारी सरकारी रुग्णालयात जाईल, तेथे त्याच्यावर उपचार होतील आणि बाहेरून आणाव्या लागलेल्या औषधांचा खर्च त्याला परत मिळेल, अशी त्या काळची साधी कल्पना होती. पुढे खासगी रुग्णालये वाढली, तातडीच्या वेळी लोक तेथे जाऊ लागले, आणि 19 मार्च 2005 च्या शासन निर्णयाने 27 आकस्मिक व 5 गंभीर आजारांची यादी ठरवून दिली. यादीतील आजारासाठी खासगी रुग्णालयात घेतलेले उपचार प्रतिपूर्तीला पात्र ठरतात. कोविडच्या साथीत त्या आजाराचाही समावेश करण्यात आला. यादीबाहेरच्या दुखण्यासाठी खासगी रुग्णालयात दाखल झालात, तर तो खर्च तुमचा तुम्हालाच सोसावा लागतो.

आधी चांगले काय आहे ते सांगतो, कारण तक्रारींच्या भरात ते विसरले जाते. या सेवेसाठी शिक्षकाला हप्ता भरावा लागत नाही. नोकरीला लागण्यापूर्वीपासून मधुमेह होता किंवा रक्तदाब होता, म्हणून कोणी दावा नाकारत नाही. खासगी विमा कंपनीची पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी थांबावे लागते. विमा नियामकाने 2024 मध्ये ही मुदत चार वर्षांवरून कमाल तीन वर्षांवर आणली, तरी सत्तरीच्या आईवडिलांसाठी तीन वर्षे हा फार मोठा काळ आहे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून रद्द झाल्याने हप्ता काहीसा हलका झाला, हे खरे. परंतु वयाबरोबर चढत जाणारा हप्ता पाहिला, की आईवडिलांना सामावून घेणारी ही विनाहप्ता सेवा किती मोठी आहे हे लक्षात येते. ज्या पिढीने 1961 मध्ये हे नियम केले, तिने कर्मचाऱ्याच्या कुटुंबाचा विचार मनापासून केला होता.

अडचण सुरू होते ती दवाखान्याच्या दारात. माझ्या वडिलांना छातीत दुखू लागले तेव्हा आम्ही त्यांना तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी ईसीजी काढला, प्राथमिक उपचार केले आणि लगेच पुढे पाठवले. त्यांच्या कामाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. नागपूरला पोहोचेपर्यंत रात्र झाली होती, आणि तत्काळ अँजिओग्राफी करून देणारे जे रुग्णालय मिळाले ते खासगी होते. तेथे पहिला प्रश्न ठेव रकमेचा निघाला. मी शिक्षक आहे, माझा खर्च शासन देते, हे सांगून तेथे काहीच उपयोग नव्हता, कारण शासनाचे आणि त्या रुग्णालयाचे कसलेही देणेघेणे नव्हते. प्रतिपूर्ती म्हणजे आधी पैसे मी उभे करायचे, आणि मग ते शासनाकडून मागायचे. सोयाबीन निघून विकले गेलेले नाही, कापूस अजून शेतात आहे, आणि पगार कर्जाच्या हप्त्यांत वाटला गेलेला आहे, अशा वेळी लाखांची रक्कम एका रात्रीत उभी करणे म्हणजे काय, हे ग्रामीण भागातल्या कोणत्याही शिक्षकाला सांगायला नको. आमच्या बाबतीत थोरल्या मेहुण्यांनी आणि शाळेतल्या सहकाऱ्यांनी रक्कम जमवली. नंतर शिक्षक पतसंस्थेचे कर्ज काढून मी ती फेडली.

पतसंस्थेच्या या कर्जाचा विचार कोणत्याही हिशेबात येत नाही. शासन मूळ खर्चातील मान्य रक्कम परत करते; तोवर भरलेले व्याज शिक्षकाच्या माथी राहते. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी नियुक्त झालेल्या शिक्षकाला निदान भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम उचलता येते. त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शनही नाही आणि हा निधीही नाही. आज शाळांमध्ये मोठ्या संख्येने हीच पिढी शिकवते आहे, तिचे आईवडील साठी-सत्तरीत आहेत, आणि आधी खर्च करा, मग मागा असे सांगणारी सेवा तिच्यासाठी सर्वांत कठीण आहे.

प्रस्तावाचा प्रवास हा या सेवेचा दुसरा भाग. विहित नमुन्यातील अर्ज, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही व शिक्का असलेली प्रमाणपत्रे, डिस्चार्ज कार्ड, सर्व मूळ देयके, औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल, रुग्णाचे नाते आणि अवलंबित्व दाखवणारी कागदपत्रे असा गठ्ठा मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुखांकडे, तेथून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, पुढे जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात जातो. खर्च ग्राह्य आहे का आणि कितपत आहे, हे ठरवण्यासाठी तो जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवला जातो. रक्कम मोठी असेल तर त्याहून वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते. या वाटेवर प्रत्येक ठिकाणी आवक-जावक क्रमांक पडतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्रुटी निघू शकते. माझ्या प्रस्तावात एका प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नीट उमटला नव्हता, म्हणून पूर्ण संच परत आला. तो शिक्का पुन्हा घेण्यासाठी नागपूरला जावे लागले. रजा टाकावी लागली, आणि दोनच शिक्षकांची शाळा असल्याने त्या दिवशी चारही वर्ग एकट्या मॅडमनी सांभाळले. शिक्षकाच्या आजारपणाच्या कागदांची किंमत मुलांच्या तासिकांमधूनही वसूल होते, हे कोणत्याही अहवालात दिसत नाही.

तपासणीला माझा विरोध नाही. सार्वजनिक पैसा आहे, खोटी देयके सादर झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि तपासणी झालीच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की तीच माहिती वेगवेगळ्या कार्यालयांनी पुन्हा पुन्हा कागदावर का तपासावी, आणि त्या तपासणीला कोणतीही बंधनकारक मुदत का नसावी. शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत शिक्षकाची नियुक्ती आणि वेतन यांची नोंद आधीच आहे. रुग्णालयाचे देयक थेट एखाद्या प्रणालीत गेले, तर नोंदणी क्रमांक उमटला की नाही हा प्रश्नच उरत नाही.

आणि सगळी मंजुरी मिळाली तरी पैसे मिळतातच असे नाही. त्यासाठी तरतूद असावी लागते. "सर, मंजुरी झाली, तरतूद आली की काढतो," हे वाक्य जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षकांनी ऐकलेले आहे. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते. त्याआधी अनुदान आले नाही तर देयक पुढच्या वर्षावर जाते. माझी रक्कमही पुढच्या आर्थिक वर्षात आली. खोलीभाड्याचा काही भाग आणि अग्राह्य ठरवलेल्या काही वस्तूंचा खर्च वजा झाला होता. कशासाठी किती वजा झाले याचा तपशील मागितल्यावर मिळाला, आपणहून नव्हे. टेबलावरच्या कर्मचाऱ्यांनी मला सौजन्याने वागवले हेही नमूद करतो. दोष त्यांचा नाही. एकेका लिपिकाकडे अनेक विषयांची आस्थापना आहे, आणि वैद्यकीय देयके हा त्यातला एक विषय.

अंतराचा मुद्दा शहरातल्या वाचकांना चटकन कळणार नाही. मेळघाटात धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाट घाटाची आहे. भामरागडच्या शिक्षकाला जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली त्याहूनही दूर, आणि हृदय, मेंदू किंवा मूत्रपिंडाच्या मोठ्या उपचारांसाठी तेथूनही पुढे नागपूर गाठावे लागते. झरी-जामणी, कोरची, सिरोंचा या तालुक्यांत शिकवणाऱ्या माणसासाठी सरकारी रुग्णालय की खासगी हा आवडीनिवडीचा प्रश्न नसतो. जे आधी पोहोचता येईल ते रुग्णालय. अशा ठिकाणी यादीतला आजार, मान्य रुग्णालय, आधी परवानगी यांसारख्या अटी ज्या कार्यालयात लिहिल्या जातात, तेथून रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर असते.

याच राज्यात वेगळी पद्धत चालू आहे, म्हणून माझा आग्रह अधिक आहे. पोलिसांसाठी 2005 पासून महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना आहे आणि तिच्यात मान्यताप्राप्त रुग्णालयात रोख रक्कम न भरता उपचार होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली आणि अमरावती हे आपले दोन जिल्हे होते. 1 जुलै 2024 पासून ती प्रति कुटुंब वर्षाला 5 लाखांपर्यंत वाढली आणि पांढऱ्या शिधापत्रिकेवरील कुटुंबांनाही तिचे दार उघडले. तेथेही ठरलेल्या उपचारांची यादी आहे आणि अंगीकृत रुग्णालयाची अट आहे, पण रुग्णालयाचे पैसे योजना देते, रुग्ण नव्हे. म्हणजे रोकड न मागता उपचार देण्याची यंत्रणा, दर ठरवण्याचा अनुभव आणि रुग्णालयांचे जाळे राज्याकडे आधीपासून आहे. शिक्षकांसाठी ते का वापरले जाऊ नये, याचे पटेल असे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

केरळने 1 जुलै 2022 पासून मेडिसेप ही योजना सुरू केली. सरकारी कर्मचारी, निवृत्तिवेतनधारक आणि अनुदानित शाळांतील शिक्षक असे सर्व एकाच गटात घेतले, महिन्याला 500 रुपयांचा हप्ता ठेवला आणि वर्षाला 3 लाखांचे संरक्षण दिले. त्या योजनेवर टीकाही झाली. दर परवडत नाहीत म्हणून अनेक मोठी रुग्णालये तिच्यापासून दूर राहिली. आपल्यासाठी हा धडा फार महत्त्वाचा आहे, कारण नागपुरातली चांगली रुग्णालये यादीत नसतील तर गडचिरोलीच्या शिक्षकाच्या हातातले कार्ड निरुपयोगी आहे.

शालेय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यासाठी स्वतंत्र कायदे करण्याची परंपरा अमेरिकेत जुनी आहे, आणि तिथले अनुभव आपल्या चर्चेत यायला हवेत. तेथे प्रत्येक भागाचा शाळा जिल्हा म्हणजे एक वेगळी संस्था असते आणि ती स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा विमा स्वतः ठरवत असे. वॉशिंग्टन राज्यात असे 295 जिल्हे आहेत. त्या राज्याने 2017 मध्ये कायदा करून हे वेगवेगळे करार संपवले आणि 1 जानेवारी 2020 पासून सर्व शालेय कर्मचाऱ्यांना एकाच राज्यस्तरीय योजनेत आणले; वर्षात 630 तास काम अपेक्षित असलेला कर्मचारी, मग तो बस चालवणारा असो वा स्वयंपाकघरात काम करणारा, पात्र ठरतो. टेक्सासने 2002 पासून विम्याच्या हप्त्यात प्रत्येक कर्मचाऱ्यामागे राज्याचे महिन्याला 75 डॉलर आणि जिल्ह्याचे किमान 150 डॉलर असा वाटा ठरवला. उपचार महागत गेले, तो आकडा कायद्यात तसाच राहिला, आणि वाढीचा भार शिक्षकांवर आला. मिशिगनने 2011 मध्ये उलट बाजूने, म्हणजे सार्वजनिक संस्थेने किती वाटा उचलावा यावर कमाल मर्यादा घातली, पण ती वैद्यकीय महागाईनुसार दरवर्षी बदलते. यातून दोन गोष्टी घ्याव्यात असे मला वाटते: गट जितका मोठा तितका लहान आणि दुर्गम जिल्ह्यांचा धोका कमी, आणि कायद्यात रुपयांचा आकडा लिहायचा असेल तर तो वाढवण्याची पद्धतही तिथेच लिहिली पाहिजे.

मोठ्या गटाचा विचार विदर्भाला परका नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांत ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला होता. ज्याची जेवढी ऐपत तेवढी ज्वारी सुगीला द्यायची, आणि आजारपणात सर्वांना उपचार मिळायचे. सर्वांनी थोडे थोडे आधीच बाजूला ठेवले की संकटात कोणा एकाला सावकाराकडे जावे लागत नाही, हे वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना तेव्हाच पटले होते.

विमा आला की प्रतिपूर्तीचा हक्क जाईल, अशी भीती शिक्षकांमध्ये आहे, आणि ती मी गांभीर्याने घेतो. हप्ता पगारातून कापला जाईल, संरक्षणाची रक्कम 5 लाखांवर थांबेल, आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण किंवा कर्करोगासारख्या आजारात त्यापुढचा खर्च शिक्षकाच्या अंगावर पडेल, अशी ही शंका आहे. कंपनीने दावा नाकारला तर शिक्षणाधिकारी म्हणतील कंपनीला विचारा, आणि कंपनी म्हणेल नियम पाहा. म्हणूनच मला हवा आहे तो कायदा 1961 चे नियम रद्द करणारा नसावा. ठरलेल्या रकमेपर्यंत कॅशलेस उपचार, आणि त्यापुढे किंवा यादीबाहेरच्या रुग्णालयात तातडीने जावे लागल्यास आजच्यासारखी प्रतिपूर्ती, अशी दोन्ही व्यवस्था त्यात असाव्यात. प्रतिपूर्तीच्या प्रस्तावाला निश्चित मुदत असावी आणि ती उलटल्यावर व्याज द्यावे लागावे. कॅशलेस विनंतीवर तासाभरात निर्णय घ्या असे विमा नियामक 2024 पासून खासगी कंपन्यांना सांगतो, तर शासनाने स्वतःला काही मुदत घालून घ्यायला हरकत नसावी. यादीतील रुग्णालये ठरवताना प्रत्येक तालुक्यापासूनचे अंतर पाहिले जावे. जिल्हा परिषदेनिहाय वेगळे करार न करता राज्यभराचा एकच गट असावा, नाहीतर गडचिरोलीला नेहमीच महाग पडेल.

त्या गटात अनुदानित खासगी शाळांतील शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारीही हवेत. त्यांची देयके आज वेतन पथकाकडून, म्हणजे त्यांचे पगार काढणाऱ्या शिक्षण खात्याच्या कार्यालयातून, निघतात आणि त्यांची कथा आमच्याहून वेगळी नाही. महिना 16,000 रुपये मानधनावर प्राथमिक शाळेत तीन वर्षे काढणाऱ्या शिक्षणसेवकाचे नाव कायद्यात स्पष्ट लिहिलेले असावे, कारण ज्याच्या हाती सर्वांत कमी पैसे आहेत त्याच्याकडून आधी खर्चाची अपेक्षा करणे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बायांचाही प्रश्न तेथेच सोडवता येईल. आणि निवृत्त शिक्षक: नोकरीत असताना मिळणारे हे संरक्षण नेमके ज्या वयात आजार वाढतात त्या वयात थांबते, ही या सेवेतली मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट आहे.

गुण द्यायचेच तर हक्काला पाचपैकी चार आणि सेवेच्या अंमलाला दीड देईन. कायदा होईपर्यंत ज्यांना हीच सेवा वापरायची आहे, त्यांनी रुग्णालयातून बाहेर पडण्यापूर्वीच सर्व प्रमाणपत्रांवर डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक स्पष्ट आहेत का ते पाहावे, रुग्ण दाखल झाल्याची लेखी सूचना त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांमार्फत द्यावी, मूळ कागद देण्यापूर्वी संपूर्ण संचाच्या छायाप्रती ठेवाव्यात, आणि प्रत्येक टेबलावरचा आवक क्रमांक तारखेसह स्वतःच्या वहीत लिहून घ्यावा. प्रस्ताव डिसेंबरपूर्वी जिल्हा परिषदेत पोहोचला, तर मार्चच्या तरतुदीत तो बसण्याची शक्यता अधिक असते.